आमदारांनी अधिवेशनात १५०० विचारावेत की २१,०००?

कृष्णाकाठचा (सांगली)

अधिवेशन तोंडावर आलं की आमदारांच्या संपर्क कार्यालयातून विचारणा होते, तुमच्याकडचे काही प्रश्न असतील तर द्या. आमच्याकडून दर वेळी निराधार आणि श्रावणबाळच्या (पासष्टीपुढच्या गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनच्या) पगाराचा विषय जातो. त्याचा तारांकित प्रश्न होतो आणि छापील उत्तर येतं. प्रश्नाचा साचा सगळ्यांना पाठ आहे: "अमुक तालुक्यातील लाभार्थी अमुक महिन्यांपासून अनुदानापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तराचा साचाही पाठ आहे: "हे अंशतः खरे आहे. अनुदान वितरित करण्यात आले आहे. प्रश्न उद्भवत नाही." थकलेले पैसे तोवर जमा झालेले असतात. विषय संपतो, आणि पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न नव्या क्रमांकाने येतो.

माझं म्हणणं असं की या वेळी "पैसे कधी मिळणार" आणि "महिन्याच्या १५०० चे किती करणार" हे दोन्ही बाजूला ठेवावं. आमदारांना एकाच गोष्टीवर उभं करावं, ती म्हणजे उत्पन्नाची मर्यादा.

श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. महिन्याला १,७५० झाले. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एका माणसाने ६८ दिवस काम केलं की सरकारच्याच मजुरीने ते घर सरकारच्याच मर्यादेबाहेर जातं. मानधन ६०० चं १,००० झालं, २०२३ मध्ये १,५०० झालं. मर्यादा कित्येक वर्षं जागची हललेली नाही.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. चार घरची धुणीभांडी करतात. लाडक्या बहिणीचे पैसे त्यांना मिळत होते, कारण तिथे मर्यादा अडीच लाखांची. पासष्ट पूर्ण झाली आणि ते बंद झाले, कारण ती योजना २१ ते ६५ वयाची. आता श्रावणबाळ घ्या म्हणाले. रक्कम तीच, १५००. पण दाखला आणायचा २१ हजारांचा. कालपर्यंत अडीच लाखांच्या आत असलेली बाई एका वाढदिवसानंतर २१ हजारांच्या आत कशी बसवायची? चार घरचं मिळून तिला महिन्याला ३,२०० मिळतात. तिने खरं सांगितलं. दाखला ३८ हजारांचा निघाला. अर्ज तिथेच थांबला.

दुसऱ्या बाजूला, ज्यांची ओळख आहे त्यांचे २१ हजारांचे दाखले निघतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हाताऱ्या माणसाला हक्काच्या पैशासाठी खोटं लिहून द्यायला लावणारा हा नियम आहे. मला त्याची चीड येते.

मी मजकूर असा सुचवतो: "मानधनात वाढ करूनही उत्पन्न मर्यादा रु. २१,००० इतकीच ठेवण्यात आली आहे, हे खरे आहे काय. असल्यास, सदर मर्यादा किती करण्याचे शासनाच्या विचाराधीन आहे. नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?" तुमचं मत सांगा. विरोध असेल तर तोही सविस्तर लिहा.


निवृत्त अव्वल कारकून

विरोध आहे, आणि सविस्तर लिहितो.

महसुलात नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं संगायो (संजय गांधी निराधार योजना) शाखेत. अर्ज येतो, तलाठ्याचा चौकशी अहवाल येतो, छाननी होते, समितीपुढे यादी ठेवली जाते, मंजुरीचा आदेश निघतो. समितीचे अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या शिफारशीचे. ही सगळी वाट मी आतून बघितली आहे.

मर्यादा वाढवली तर पहिले कोण आत येतील? धुणीभांडी करणारी बाई येणार नाही. ज्याची द्राक्षबाग मुलाच्या नावावर आहे आणि जो कागदोपत्री भूमिहीन आहे, तो येईल. त्याच्याकडे झेरॉक्स काढून आणणारा नातू आहे, तालुक्याला नेणारी गाडी आहे, समितीत ओळखीचा सदस्य आहे. संख्या दुप्पट झाली की मागणी दुप्पट होते, तरतूद होत नाही. मग तीन-तीन महिने पैसे येत नाहीत. बागाईतदार म्हाताऱ्याला त्याने फरक पडत नाही. जिला दुसरा आधारच नाही, तिची चूल त्याच १५०० वर असते. तीन महिन्यांच्या उशिराने ती औषध बंद करते. मी अशा बायका खिडकीवर बघितल्या आहेत. त्यांना "अजून आलं नाही" एवढंच सांगायचं काम माझ्याकडे होतं.

म्हणून मर्यादा राहू द्या, पडताळणी बदला. मंजूर यादी वर्षातून एकदा ग्रामसभेत नावानिशी वाचायला लावा. गावाला सगळं माहीत असतं. समितीत जे दडतं ते ग्रामसभेत दडत नाही.


माणदेशी लेक

मला तुम्हा दोघांचंही थोडं बाजूला ठेवावंसं वाटतं. मंजुरी मिळाल्यानंतरचं कुणी बोलत नाही.

डिसेंबर २०२४ पासून हे पैसे डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. कागदावर उत्तम, मधला माणूस गेला. पण आमच्या आजीचे पैसे चार महिने आलेच नाहीत. पासबुक भरून आणलं, कोरं. तहसीलला विचारलं, "तुमचे पाठवलेत." बँकेत विचारलं, "आमच्याकडे नाहीत." शेवटी एका भल्या कर्मचाऱ्याने आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते बघितलं. मागे कधीतरी मोबाइलचं सिम घेताना अंगठा घेतला होता, त्या अंगठ्यावर एक खातं उघडलं गेलं होतं आणि आधारची जोडणी तिकडे गेली होती. आजीला ते खातं आहे हेच ठाऊक नव्हतं. पैसे सुरक्षित होते, पण ते काढायला कुठे जायचं हे सांगायला आमच्या गावात कुणी नव्हतं.

आणि पैसे आपल्या खात्यात आले तरी काढायचे कसे? एटीएम तालुक्याला. गावात बँक मित्र येतो मशीन घेऊन. आजीने आयुष्यभर खुरपं धरलंय, कांदा काढलाय, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. ओल्या फडक्याने अंगठा पुसायचा, केसांवर घासायचा, परत लावायचा. अंगठा नाही तर तर्जनी, तर्जनी नाही तर डावा हात. दहा वेळा "जुळत नाही" आलं की मशीनवाला म्हणतो, उद्या या. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला उद्या या.

आमदारांना विचारायचंच असेल तर हे विचारायला सांगा: बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून किती लाभार्थ्यांना पैसे काढता येत नाहीत, आणि त्यांच्यासाठी दुसरी सोय काय. जो अंथरुणावर आहे त्याच्या घरी कोण जाणार? हयातीच्या दाखल्यासाठी आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं म्हणतात. मग पैसे काढायलाही तशी सोय प्रत्येक गावात द्या.


ऊसपट्टा (वाळवा)

मी कारखान्यातून निवृत्त झालो. माझी पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची. आमच्यासारखे सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत हजारोंनी आहेत: कारखान्याचे, सूतगिरणीचे, एसटीचे, दूध संघाचे. कागदावर आम्ही "पेन्शनर", म्हणून गावात कुणाला वाटतं आमचं बरं आहे.

हिशोब ऐका. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. आमच्या काळात पगाराची कमाल मर्यादा ६,५०० धरायचे. वीस वर्षांचे होतात १,८५७ रुपये. किमान पेन्शन १,००० आहे, सप्टेंबर २०१४ पासून, त्यात एक रुपया वाढलेला नाही. महागाई भत्ता नाही. आम्ही साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागतोय, दिल्लीपर्यंत जाऊन आलो.

आता कृष्णाकाठचा यांच्या मुद्द्यावर येतो. १,८५७ गुणिले १२ म्हणजे २२,२८४. २१ हजारांच्या वर १,२८४ रुपये. त्यामुळे श्रावणबाळला मी अपात्र. वीस वर्षं बॉयलरसमोर उभं राहून जे मिळालं, त्यानेच मला सरकारच्या दृष्टीने सधन केलं. त्यामुळे कारकून साहेब, मर्यादा राहू द्या हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आमच्यात बागाईतदार कोणी नाही. आमची पेन्शन बँकेत दिसते, ती लपवायची सोयही नाही.


सांगलीकर पुण्यात

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा लहान आहे, म्हणून आधी सांगतो, कुणाचा अनादर करायचा नाही.

राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलंय. एका योजनेत मर्यादा अडीच लाख ठेवली म्हणून दुसरीतही तेवढी करा, हा युक्तिवाद मला घातक वाटतो. पहिली चूक असेल तर ती सगळीकडे पसरवायची का? रोख रक्कम वाढवत नेली की रस्ते, दवाखाने, शाळा यांचे पैसे तिकडे जातात. ज्येष्ठांना खरी गरज कशाची आहे? गावाजवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता मिळणं, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर होणं. सत्तरीनंतर उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय. ते किती जणांनी काढलं, कोणत्या दवाखान्यात चालतं, हे आमदारांनी विचारावं. सेवा सुधारली तर ती सगळ्यांच्या उपयोगाची. १५०० रुपये खासगी डॉक्टरच्या दोन खेपांत जातात.

दुसरं, आईवडिलांना सांभाळणं ही मुलांची जबाबदारी आहे. २००७ चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. कमावती मुलं असताना सरकारने का द्यावं?


कोयनेकडची (पाटण)

भाऊ, त्या कायद्याचं मला सांगू नका. आमच्या डोंगरात एकही आई पोराविरुद्ध प्रांताकडे गेलेली मी पाहिली नाही. उपाशी राहील पण जाणार नाही. आणि पोरगं तरी काय कमावतंय? मुंबईत माथाडी आहे, नाहीतर हॉटेलात. खोलीचं भाडं भागवून गणपतीला येताना हातात जे आणतं तेच.

माझ्या चुलतसासूचं सांगते. तिच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६४. आधार काढताना कुणीतरी अंदाजाने घातलं. तिचा जन्मदाखला नाही, शाळेत ती गेली नाही. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे. त्या पहाटे ती कडेवर पोर घेऊन घराबाहेर पळाली. घराची मागची भिंत पडली, दोन शेळ्या गेल्या. तो थोरला पोरगा आज हयात आहे. आणि आधार म्हणतं की भूकंपाच्या वेळी ही बाई तीन वर्षांची होती! तिच्या पोराचं वय शाळेच्या दाखल्यावर आईपेक्षा दोन-तीनच वर्षांनी कमी आहे. एवढं धडधडीत दिसतंय, तरी खिडकीवरचा माणूस म्हणतो, आधारवर पासष्ट होत नाहीत. मग आधार दुरुस्त करा, तर जन्माचा पुरावा आणा. पुरावा असता तर आधार चुकलंच नसतं.

तर आमदारांना म्हणावं, वयाचा पुरावा नसलेल्या म्हातारीसाठी सरकारी डॉक्टरने तपासून दिलेला वयाचा दाखला आधारच्या वर चालेल का, एवढं सभागृहात हो-नाही सांगून घ्या. हो म्हणाले तर तो कागद आम्ही खिडकीत दाखवू.


अर्जदार (सातारा)

हे सगळं खरं आहे, पण तुमचा रस्ता चुकतोय. विधानसभेतल्या प्रश्नाने म्हातारीचं काम होत नाही. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो. यादीतले सुरुवातीचे थोडे प्रश्न तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात. गोंधळ झाला, तास गेला, संपलं.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोकसेवा हक्क कायदा आहे, २०१५ चा. मुदतीत दाखला दिला नाही, किंवा कारण न देता नाकारला, तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मी लोकांचे अर्ज भरून देतो. पोचपावती हातात आली आणि अपिलाचा कागद दाखवला की खिडकीवरचा सूर बदलतो.

धोरणाचंच बोलायचं तर ते रस्त्यावर बदलतं. बच्चू कडूंनी जून २०२५ मध्ये मोझरीला उपोषण केलं, मागण्यांत दिव्यांगांचं मानधन होतं. त्याच वर्षी दिव्यांगांचे १५०० चे २५०० झाले. ते तेव्हा आमदार नव्हते, हे लक्षात घ्या. श्रावणबाळवाल्यांसाठी तसं कोण बसलं?


विसापूर फाटा (तासगाव)

अर्जदार, सभागृहाला इतकं हलकं लेखू नका. तुम्ही आम्ही ज्या जिल्ह्यात बसून बोलतोय तिथेच त्याचं उत्तर आहे.

वि. स. पागे आमच्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती, १९६० पासून १९७८ पर्यंत. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, हा विचार त्यांनी लावून धरला. तासगाव भागात त्याचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. पुढे देशाचा कायदा झाला तो या वाटेने. ही गोष्ट एका माणसाने सभागृहाच्या मार्गाने, वर्षानुवर्षं नेटाने केली. उपोषणाला महत्त्व आहेच. पण उपोषणातून जी घोषणा मिळते तिला कायद्याचं बळ सभागृहातच मिळतं.

आणि सांगलीकर पुण्यात, तुम्हाला एक सांगतो. रोजगार हमीला पैसा कुठून, हा प्रश्न तेव्हाही आला होता. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. तुमच्या पगारातून वर्षाला जे २,५०० कापले जातात ते त्याच कराचे. गिरणीतल्या आणि कचेरीतल्या माणसाने दुष्काळी गावाचा भार उचलला. पैसा नाही म्हणून हक्कच नाही, असं तेव्हाच्या लोकांनी म्हटलं नाही. हक्क ठरवला आणि पैसा उभा केला. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी तसं का होऊ नये, हा प्रश्न मी आमदारांनी विचारावा असं म्हणेन.


सांगलीकर पुण्यात

विसापूर फाटा, व्यवसाय कराचं मान्य. पण तिथे पैशाच्या बदल्यात काम होतं, त्यातून पाझर तलाव झाले, रस्ते झाले. इथे तसं नाही. माझा आक्षेप त्यामुळे जात नाही.

बाकी कोयनेकडची ताईंच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, त्यात सरकारचा पैसाही जात नाही.


ऊसपट्टा (वाळवा)

पाझर तलाव खोदणारे तेच लोक आज पासष्ट-सत्तरीत आहेत, भाऊ. काम त्यांनी आधीच केलंय.


वारणेच्या वरचा (शिराळा)

सेवांचा विषय निघालाच आहे म्हणून. पंचाहत्तरीच्या पुढे एसटीचा प्रवास मोफत, ऑगस्ट २०२२ पासून. ६५ ते ७५ अर्धं तिकीट. बायकांना अर्धं तिकीट. चांगलंच केलं. पण आमच्या वाडीत मुक्कामी गाडी येत होती ती आता येत नाही. फाट्यापर्यंत तीन किलोमीटर, चढाचा रस्ता. दवाखाना, बँक, तहसील, सगळ्याला तालुक्याला जायचं. वडाप (खासगी जीप) मिळालं तर जाताना पन्नास, येताना पन्नास. म्हातारीबरोबर एक माणूस लागतो, त्याचा रोज बुडतो. १५०० काढायला जाताना त्यातले पाचशे तिथेच जातात.

सवलतीवर किती खर्च झाला हे सभागृहात सांगतात. किती वाड्यांत गाडी जाते हे विचारा. तेवढंच.


कृष्णाकाठचा (सांगली)

सगळ्यांचं वाचलं. कारकून साहेबांना उत्तर द्यायचं आहे, कारण त्यांचा विरोध अनुभवातून आलाय आणि मला तो गंभीर वाटतो.

साहेब, मर्यादा वाढवली की बागाईतदार येतील असं तुम्ही म्हणता. ते आजच आत आहेत. तुम्हीच लिहिलंत, बाग मुलाच्या नावावर, म्हातारा भूमिहीन. २१ हजारांची मर्यादा त्याला अडवत नाही, कारण त्याचा दाखला निघतो. ती कोणाला अडवते? ज्याचं उत्पन्न कुठेतरी लिहिलेलं आहे त्याला. ऊसपट्टा काकांची पेन्शन बँकेत दिसते. आमच्या मावशींनी तोंडाने खरं सांगितलं. म्हणजे ही चाळणी गरीब-श्रीमंत वेगळे करतच नाही, ओळखवाला आणि बिनओळखीचा एवढेच वेगळे करते. मर्यादा लाखभर केली तर दाखला खरा काढता येईल. खऱ्या दाखल्यांची यादी ग्रामसभेत वाचता येईल. आज तुम्ही ग्रामसभेत यादी वाचायला घेतलीत तर निम्मं गाव मान खाली घालेल, कारण दाखले सगळ्यांनाच तसेच काढावे लागलेत. कोण कोणावर बोट ठेवणार?

अजून एक गोष्ट माझ्या मनात फार दिवस आहे. म्हाताऱ्यांना पात्र करायला आमच्याकडे रेशनकार्ड वेगळं काढतात. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारी माणसं कागदोपत्री विभक्त होतात. काही घरांत ते कागदापुरतंच राहतं. काही घरांत नाही राहत. सून म्हणते, तुमचं कार्ड वेगळं आहे ना, तुमचा तांदूळ तुम्हाला येतो ना. एका ओळीच्या नियमापायी घराची वाटणी होते, आणि ती मंत्रालयात कुणाला दिसत नाही. दिसावी म्हणून तर प्रश्न विचारायचा.


निवृत्त अव्वल कारकून

कार्ड वेगळं काढण्याचं तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे. तो अर्ज घेऊन आलेले नवरा-बायको-आजी एकत्र खिडकीवर उभे असायचे आणि आम्ही "विभक्त" असा शिक्का मारायचो.

तरीही सरसकट लाखाच्या मर्यादेला माझा विरोध कायम आहे. तरतुदीशिवाय मर्यादा वाढली तर उशीर वाढेल, आणि उशिराने कोण मरतं हे मी वर लिहिलंय. त्याचं उत्तर तुमच्या प्रतिसादात नाही. विसापूर फाटा यांच्या प्रतिसादात आहे, म्हणून प्रश्नात मर्यादेच्या बरोबरीने तरतूद विचारा, मग माझी हरकत निम्मी होईल.

दुसरं, मजकुराबद्दल. "विचाराधीन आहे काय" असं विचारू नका. "विचाराधीन आहे" एवढ्यावर उत्तर संपतं. अशी उत्तरं मी स्वतः टंकून पाठवलेली आहेत, खालून माहिती आम्हीच द्यायचो. ज्या प्रश्नात आकडा मागितलाय त्याला बगल देता येत नाही. आकडा मागितला की खाली प्रत्येक तहसीलला फोन येतो, रजिस्टर उघडावं लागतं. म्हणून असं लिहा: गेल्या तीन आर्थिक वर्षांत सांगली व सातारा जिल्ह्यांत तालुकानिहाय किती अर्ज प्राप्त झाले, किती नामंजूर झाले, त्यांपैकी केवळ उत्पन्न मर्यादेमुळे किती, व केवळ वयाच्या पुराव्याअभावी किती. शिवाय, पासष्ट वर्षं पूर्ण झाल्याने लाडकी बहीण योजनेतून वगळलेल्या किती महिलांना श्रावणबाळ मंजूर झाले. हा शेवटचा आकडा कुठल्याच एका विभागाकडे तयार नसेल, कारण एक योजना महिला व बालविकासकडे आणि दुसरी सामाजिक न्यायकडे. तो काढायला दोन विभागांना एकत्र बसावं लागेल.

आणि "कुटुंब" म्हणजे कोण, हे त्यात विचाराच. वेगळ्या राहणाऱ्या कमावत्या मुलाचं उत्पन्न धरायचं की नाही, यावर मी तीन अधिकाऱ्यांच्या हाताखाली तीन पद्धती बघितल्या.


माणदेशी लेक

कारकून काका, त्यात ठसे न जुळणाऱ्यांचा आकडाही घाला. तो बँकांकडे असतो, प्रत्येक फसलेल्या व्यवहाराची नोंद होते.


अर्जदार (सातारा)

नामंजूर अर्जांचे तालुकानिहाय आकडे मी माहिती अधिकारात मागवतो, साताऱ्याचे. तीस दिवसांत यायला हवेत. सांगलीचे तिकडच्या कुणीतरी मागवा. आमदारांच्या हातात आपले आकडे असले तर मंत्र्यांचं उत्तर आल्यावर उपप्रश्न विचारता येईल. नुसत्या उत्तरावर समाधान मानून ते खाली बसणार असतील तर माझं आधीचं मत तसंच राहील.


कृष्णाकाठचा (सांगली)

सांगलीचा अर्ज मी टाकतो. तरतुदीचं वाक्य, वयाच्या दाखल्याचं, ठशांचं आणि "कुटुंब" हे चारही घालून मजकूर नव्याने लिहितो आणि इथेच टाकतो. वाडीच्या गाडीचा प्रश्न परिवहन विभागाचा आहे, तो यात मिसळला तर दोन्ही लटकतील, म्हणून त्याचा वेगळा कागद करतो. वारणेच्या वरचा, तुमच्या भागातल्या गाडी बंद झालेल्या वाड्यांची नावं आणि गाडीच्या जुन्या वेळा मला पाठवा.